राक्षसभुवनची गाडीवाट

गेवराईहून राक्षसभुवनला डांबरी रस्ता जातो. आम्ही जमेल तिथे तो सोडून शिवारातल्या पाणंदी धरल्या. कच्च्या वाटेवर पहिल्यांदाच गाडी घालणाऱ्याला मी हाच मुलूख सांगेन. घाट नाही, दरी नाही. आहेत ती काळी रानं, जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर पोसलेला ऊस आणि ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या.

हात बसतो तो या चाकोऱ्यांमध्येच. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागेल असं वाटलं, की एक चाक त्याच्यावर चढवायचं आणि दुसरं कडेनं न्यायचं. टायरमधली हवा थोडी कमी केली होती, म्हणून ढेकळांवरून गाडी आदळत नव्हती. ओढ्यात उतरताना पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. बांधावरच्या एका आजोबांनी हात करून थांबवलं. "म्होरं परवाच पाणी दिलंय, वापसा नाही अजून. वरच्या अंगानं जावा," म्हणाले. उतरून पाहिलं. वर कोरडी पापडी, आणि बूट टेकवताच खाली लोण्यासारखी माती! ती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं फिरवून गाडी हलत नाही. इथं यावं ते दिवाळीनंतर. पावसाळ्यात मुळीच नाही.

१० ऑगस्ट १७६३ ला मात्र इथं फौजा होत्या, त्याही भर पावसाळ्यात. त्याच वर्षी निजाम अलीच्या सैन्यानं पुणं लुटून जाळलं होतं. औरंगाबादकडे परतताना निजाम काही फौजेसह गोदावरी उतरून गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह दक्षिण तीरावर, राक्षसभुवनला राहिला. नदी फुगलेली. राघोबादादा आणि अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे त्याच्यावर तुटून पडले. विठ्ठल सुंदर पडला, आणि पलीकडच्या निजामाला कुमक धाडता आली नाही. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठ्यांनी पुन्हा मान वर केली ती इथं. पुस्तकात वाचलेली ही लढाई मला उमगली ती त्या मातीत बूट रुतल्यावर. तोफांचे गाडे, बैल, घोडी भिजल्या काळ्या रानातून कशी ओढली असतील? मागं सरायला जागा कुठली?

राक्षसभुवनचं शनिमंदिर गोदेच्या काठावरच आहे. जवळच पांचाळेश्वर, महानुभावांचं आत्मतीर्थ. दत्तात्रेयांचं स्थान म्हणून भाविक तिथं दुरून येतात. दोन्हीकडे गाडी वरच ठेवून पायी उतरावं. पात्रातली वाळू सपाट दिसते आणि नवख्याला मोह होतो, पण उपशानं पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि पैठणहून पाणी सुटलं की नदीचा नूर पालटतो. पात्रात गाडी घालू नये, कितीही चांगली असली तरी.

शहागडच्या पुलाकडे महामार्गाला लागण्याआधी टायरमध्ये हवा पुन्हा पुरती भरून घ्यावी.