बिडाचा तवा

मसाला डोसा घरी करायचा नसतो, असा आमच्या घरातला अलिखित कायदा होता. घरी पोळ्या, भाकरी, फार तर घावनं. डोसा म्हणजे एस. टी. स्टँडसमोरचं उडप्याचं हॉटेल आणि महिन्याचा पहिला रविवार. उडुपीकडच्या माणसांनी आधी मुंबईत आणि मग साऱ्या महाराष्ट्रात तवे मांडले. माटुंग्याची रामा नायकांची प्रसिद्ध खानावळ १९४२ सालची. त्यांच्यातलाच कुणी आमच्या आडगावापर्यंत येऊन पोहोचला, हे आमचं भाग्यच म्हणायचं! पोऱ्या आत तोंड करून 'एक मसाला!' असं ओरडला की बाबा उगीचच खुर्चीत ताठ बसायचे.

मागल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालावं लागतं, जिना उतरणं तर बंदच. बोलणं जड झालं, म्हणून ते बोलेनासेच झाले. पहिला रविवार यायचा आणि जायचा. एकदा मी डोसा बांधून आणला. घरी येईस्तोवर वाफेनं त्याचं ओलं फडकं झालं होतं. बाबांनी मुकाट्यानं खाल्ला आणि मानेनंच 'चांगलाय' म्हटलं. औषधाच्या गोळीलाही ते तसंच म्हणतात.

तेव्हा ठरवलं, घरीच करायचा. आई म्हणाली, "कॉलेज सोडून आता हॉटेल काढणार का?"

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ, चमचाभर मेथ्या, रंग यावा म्हणून मूठभर हरभऱ्याची डाळ. सहा तास भिजवून, वाटून ठेवायचं. वरून काही घालावं लागत नाही. डाळ-तांदळातच असलेले सूक्ष्म जीव रात्रभरात पीठ फुगवतात आणि आंबवतात. त्यांना ऊब मात्र लागते. आमच्याकडची डिसेंबरातली थंडी त्यांना मानवेना, म्हणून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळलं. सकाळी पीठ झाकणाला टेकलेलं! भाजीचं तर काही अवघड नव्हतं. मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, मिरची, आलं, भरपूर कांदा. बटाटा अर्धवट कुस्करलेला.

पण डोसा काही होईना. पांढरा, मऊ, घावनाचा सख्खा भाऊ! आई मिटक्या मारीत खात होती, आणि हसतही होती.

शेवटी हॉटेलातल्या अण्णांनाच गाठलं. ते म्हणाले, "पीठ सगळ्यांचं सारखंच हो. तुमचा तवा दमतो." हॉटेलातला तवा म्हणजे बोटभर जाडीची लोखंडी लादी. तिच्यावर पाणी शिंपडतात ते वरचा पृष्ठभाग क्षणभर निववायला, म्हणजे पीठ वाटीला न चिकटता पातळ पसरतं. आणि लगेच आतली साठलेली उष्णता वर येऊन त्याला खरपूस करते. घरचा पातळ तवा एकदा निवला की निवला. साऱ्या पाकशास्त्राच्या वह्यांतून प्रमाणं लिहिलेली असतात, तव्याची जाडी मात्र कुणी लिहीत नाही!

हे सांगितल्यावर आई काही बोलली नाही. स्टूल घेतलं, माळ्यावर चढली आणि आजीचा बिडाचा तवा खाली काढला. तीन किलो तरी असेल. दोन दिवस तिनं तो घासला, तेल लावून तापवला, पुन्हा पुसला.

रविवारी तवा चांगली दहा मिनिटं तापवला. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला, पाणी शिंपडलं, पुसलं, पीठ पसरलं. कडा आपोआप सुटल्या. उलथन्यावर तांबूस, कुरकुरीत, जाळीदार डोसा आला तेव्हा मला राहवलं नाही. स्वयंपाकघरातूनच ओरडलो, "एक मसाला!"

बाहेरच्या खोलीतून क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग जड, ओढलेला, पण चांगला मोठा आवाज आला, "च...टणी जादा!"

आईच्या हातात नारळाची वाटी होती. ती म्हणाली, "वाटतेय हो, वाटतेय. जरा दम धरा!"