सुईच्या टोकाएवढी खिडकी

कॅमेऱ्याला भिंग असावेच लागते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वास्तविक एका अंधाऱ्या डब्याला सुईने भोक पाडले की कॅमेरा तयार! बाहेरचे सारे जग त्या भोकातून आत शिरते, मात्र उलटे होऊन. हंपीला विरूपाक्षाच्या देवळात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती याच न्यायाने. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणात कडुलिंबाखाली चंद्रकोरींचा सडा पडला होता, तोही पानांमधल्या फटींनी काढलेला सूर्याचा फोटोच. या छिद्राला ‘पिनहोल’ हे नाव सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ साली दिले.

हा नाद मला लागला तो आमच्या खाप्यातल्या एका हातमागामुळे. कन्हानकाठचे हे गाव एके काळी विणकरांचे. आता धोट्याचा आवाज ऐकायचा तर कान देऊन गल्ल्या हिंडाव्या लागतात. शेजारच्या बाबांच्या ओसरीत मात्र खड्डामाग अजून चालतो. मोबाइलने त्याचे शंभर फोटो निघतील. पण क्षणभरात काढलेले चित्र आपण क्षणभरच पाहतो. मला सावकाश काढलेले एक चित्र हवे होते.

मग प्रश्न आला, कॅमेरा कोणता आणि फिल्म कोणती? काडेपेटीत पस्तीस मिलिमीटरची फिल्म बसवता येते. एका रिळात पुष्कळ चित्रे निघतात, पण ती बोटभर. बडोद्याला बनत असलेला जुना आगफा क्लिक थ्री कुणाच्या माळ्यावर सापडला, तर भिंग काढून तिथे छिद्राचा पत्रा लावावा. त्यात रुंद फिल्म बसते आणि चित्र ऐसपैस येते. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळे. तो कारखाना आता बंद झाला. बाहेरची फिल्म महाग, आणि ती धुवायला मिट्ट काळोख लागतो.

राहिला तिसरा मार्ग: बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि फोटो छापण्याचा कागद. हा कागद मंद लाल दिव्याखाली हाताळता येतो. एका वेळी एकच चित्र निघते, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. मग त्यावरून सुलटे छापायचे. डबा चार इंच खोल असला तर छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे हवे. दहा नंबरच्या सुईची जाडी बरोबर तेवढी! पातळ पत्र्याला तिने भोक पाडावे, कडा पॉलिश पेपरने घासाव्या, डबा आतून काळा रंगवावा, छिद्रावर काळी चिकटपट्टी लावावी. तीच आपली झडप.

वेळेचा हिशेब असा: भर उन्हात शंभर वेगाच्या फिल्मला दोनेक सेकंद, कागदाला अर्धा मिनिट. ओसरीच्या सावलीत मात्र कागदाला आठ-दहा मिनिटे लागणार. तेवढा वेळ जे हलेल ते चित्रातून पुसले जाईल. म्हणून मी बाबांना म्हटले, “थोडा वेळ हात थांबवाल का?”

“मास्तर,” ते म्हणाले, “हात थांबवून बसू? मंग तो माग कायले?”

त्यांचे म्हणणे मला पटले. फिल्म वेगवान असली तरी या सावलीत चालते हात तिलाही धरता आले नसतेच. मी कागदच निवडला, डब्यावर वीट ठेवली आणि पट्टी काढली. धोटा दहा मिनिटे चालत राहिला.

चित्रात मागाचे खांब स्वच्छ उमटले. ताणा दिसला. बाबांचा चेहरा पुसट, आणि हातांच्या जागी धुक्याचा एक पट्टा. बाबांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, “चालू हाय मनाचा!” बंद मागाचा फोटो कितीही रेखीव आला असता, तरी त्यात हे दिसले नसते. तो कागद आता त्यांच्या ओसरीतच लावला आहे.

वाचकहो, चार दिवसांनी फराळाचा एखादा डबा तुमच्याकडेही रिकामा होईल. तो भंगारात देऊ नका. घरातल्या मुलांना जवळ घ्या, शिवणाच्या डब्यातून दहा नंबरची सुई शोधा, आणि अंगणातल्या तुळशीपासून सुरुवात करा. मात्र वारा पडलेला असू द्या!