निर्धास्तपणे द्यावीत अशी पुस्तके

नाताळ जवळ आला, दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आसपास कागदी चांदण्या दिसू लागल्या, की आमच्या परळच्या मंडळीतील आया हमखास विचारतात, "ताई, मुलांना द्यायला एखादं चांगलंसं पुस्तक सांगा ना." या 'चांगलंसं'चा अर्थ पुढच्याच वाक्यात उलगडतो. शिवीगाळ नको, भुतेखेते नकोत, शेवट गोड हवा आणि जमल्यास देवाचे नाव हवे. थोडक्यात, निर्धास्तपणे मुलांच्या हाती देता येईल असे काहीतरी.

ही अपेक्षा मला हास्यास्पद वाटत नाही. आपल्या समीक्षेने 'हृद्य' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरून त्याची पार रया घालवली आहे. एखादी कादंबरी हृद्य आहे असे म्हटले की तिला उत्तीर्णापुरते गुण देऊन मोकळे व्हायचे, ही आम्हा प्राध्यापकांची रीत. पण चांगल्या माणसांच्या सहवासात चार तास काढावेत असे वाचकाला वाटले, तर त्यात कमीपणा कसला? माझी अट एवढीच की त्या चांगुलपणाची किंमत कोणीतरी मोजलेली पुस्तकात दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पुस्तक नुसते गोड होते, आणि गोडाला मुले मोठ्यांपेक्षा लवकर कंटाळतात.

ख्रिस्ती वाचकाने मराठी कादंबऱ्यांची यादी करायची म्हटले की पहिले नाव 'यमुनापर्यटन' येणार, हे ओघानेच आले. बाबा पदमनजींची ही कादंबरी १८५७ची. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजचा पूर्वावतार असलेल्या शाळेत बाबा शिकले, १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांत हे पुस्तक आले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपले विद्यार्थी तिचे नाव आणि साल पाठ करतात. वाचतात फार थोडे. यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे ऐकते. ती दुःखे आजही अंगावर येतात. परंतु प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच लेखकाकडे उत्तर तयार असते, आणि ते उत्तर माझ्या धर्माचे असले तरी त्याची घाई मला खटकते. अभ्यासकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. मुलांना मी ती देणार नाही.

त्याऐवजी मी 'चौघीजणी' देते. लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा (१८६८) शांता शेळके यांनी केलेला हा अनुवाद मराठी घरांत इतका रुळला आहे, की त्या चार बहिणी परक्या मुलखातल्या आहेत हे लक्षातही राहत नाही. या कादंबरीचा सांगाडा बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'वर उभा आहे. बन्यनचे ते पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ सालीच मराठीत आणले होते, म्हणजे ही वाट आपल्याला तशी जुनीच. कादंबरीच्या आरंभी नाताळच्या सकाळी बहिणी आपली न्याहारी उचलून उपाशी हमेल कुटुंबाला देऊन येतात. हा प्रसंग सर्वांना आवडतो, आणि संडे स्कूलच्या नाटुकल्यासाठी तर तो उत्तमच. मात्र पुढे त्याच घरातले आजारी मूल बेथच्या मांडीवर दगावते. थोरल्या बहिणी त्या दिवशी कंटाळा करून घरी राहिलेल्या असतात. बेथ एकटी जाते, लाल तापाने अंथरूण धरते आणि त्यानंतर तिची तब्येत कधीच पूर्ववत होत नाही. न्याहारी आणि ताप एकाच घरातून येतात, हे अल्कॉट कुठेही बोट ठेवून सांगत नाही. दहा वर्षांच्या मुलीला ते कळते. कळल्यावर ती थोडा वेळ गप्प बसते.

खरा वाद झाला तो 'श्यामची आई'वरून. संडे स्कूलच्या कपाटात ती ठेवावी असे मी सुचविले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली की त्यात पूजाअर्चा फार आहे. ती आहेच, कोकणातल्या ब्राह्मण घराची ही कथा आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. पूजेचे वर्णन वाचून मुलांची श्रद्धा डळमळेल असे मला वाटत नाही. माझी अडचण निराळीच आहे. एका रात्रीच्या कथेत म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडते आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणते. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ज्याने ऐकला आहे, त्याला तो रस्ता, ती माणसे ओळखीची वाटतील. पण त्या आंघोळीचे काय? आमच्या मंडळीतील कितीतरी घरे मूळची त्या म्हातारीच्या बाजूची आहेत, श्यामच्या बाजूची नव्हेत. वर्गात हा उतारा घेतला की मागच्या बाकावरून हटकून प्रश्न येतो, "मॅडम, मग आंघोळ कशाला?" गुरुजींनी ती आंघोळ गाळली असती तर पुस्तक अधिक निर्धास्त झाले असते आणि हा प्रश्न कोणाला सुचला नसता. कपाटात पुस्तक ठेवले आहे.

आणि 'स्मृतिचित्रे'. ही कादंबरी नाही, बालसाहित्य नाही, तरी माझ्या यादीत तिचे स्थान पहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आल्या. सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेल्या वडिलांपाशी बाईंचे बालपण गेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून त्या घरात येत नसे. अशा मुलीचा नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. ताटातूट, लोकांची बोलणी, मग एकत्र येऊनही आपली चूल वेगळी ठेवणे, असे करीत करीत १९०० साली बाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. श्यामच्या त्या आंघोळीचे उत्तर मला या पुस्तकात मिळते. सोवळे एका व्याख्यानाने सुटत नाही; ते पाण्याच्या पेल्यापासून, ताटापासून हळूहळू गळते, आणि गळताना बाई स्वतःलाच हसतात. नवऱ्याचा संताप त्या लपवत नाहीत. त्याचा हात इतका सढळ की घरात पैसा टिकत नाही. हेही त्या तक्रार आणि कौतुक यांच्या मधल्या एका अजब सुरात सांगतात. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्यांच्याबरोबर संसार करणे काय असते, ते येथे कळते. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. पदमनजींना जी घाई होती, ती या घराला नव्हती असे मला वाटते.

आमची बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमाची. शांता गोखले यांनी केलेला 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला, तो द्यावा असे काही पालक सुचवतात. जरूर द्यावा. पण बाईंचा विनोद त्यांच्या बोलण्याच्या वळणात आहे, तो कानांनीच ऐकायला हवा. म्हणून यंदा दर शनिवारी संध्याकाळी पाच-सात मुले जमवून मी मोठ्याने वाचते आहे. वडिलांच्या सोवळ्यावर मुले खिदळतात, लग्नापर्यंत आम्ही आता पोचलो आहोत. नाताळपर्यंत बाप्तिस्मा काही यायचा नाही. बाईंनाही पाच वर्षे लागली होती.