कौलारू मशीद

मशिदीचे चित्र काढ म्हणून कुठल्याही मुलाला सांगा. ते एक फुगीर घुमट काढील, दोन बाजूंना दोन मिनार उभे करील आणि वर चंद्रकोर ठेवून मोकळे होईल. आमच्या नागपुरातली मुले याला अपवाद नाहीत, आणि मोठी माणसे तरी कुठे आहेत? कॅलेंडरांनी आणि सिनेमांनी आपल्या डोळ्यांना ही एकच सवय लावून ठेवली आहे.

वास्तविक मशिदीच्या अटी अगदी थोड्या. मक्केतील काबागृहाकडे तोंड करून रांगांनी उभे राहता यावे, हातपाय धुण्यास पाणी असावे. पुढचे सारे पाऊस, दगड, लाकूड आणि गवंडी यांच्यावर सोपवलेले. दिशासुद्धा सर्वत्र एक नव्हे! आपल्याकडे ती पश्चिम, तर पश्चिम आफ्रिकेत पूर्व. काश्मीरने देवदाराच्या मशिदी उभारल्या. बंगालने विटांच्या मशिदीला बांबूच्या झोपडीची वाकलेली वळचण दिली. माली देशातल्या जेन्ने गावची १९०७ सालची मशीद तर चक्क मातीची, आणि सारा गाव मिळून तिला दरवर्षी लिंपतो. दिवाळीच्या तोंडावर ओसरी सारवणाऱ्या आमच्या आजीला हे फार आवडले असते.

पण इतक्या लांब कशाला जा? आपण वैदर्भीय मंडळी उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातो, थंड हवा आणि गरम भजी खाऊन परततो. शेजारच्या गाविलगडात फारसे कोणी शिरत नाही. तिथे उंचावर सात कमानींची मोठी मशीद उभी आहे. मागची बाजू ढासळली आहे, पण कोपऱ्यावरच्या छत्रीची दगडी जाळी अजून उन्हाचे तुकडे करते. हा गड १४९० साली इमादशाही स्थापणाऱ्या फत्तेउल्ला इमादउल्मुल्काचा. तो मूळचा विजयनगरकडच्या कानडी ब्राह्मण घरातला, असे जुने इतिहासकार सांगतात. गडाच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला पाहिला की ते पटते. “सर, मग ही मशीद कोणाची म्हणायची?” एका विद्यार्थिनीने मला विचारले. “वऱ्हाडची,” मी म्हटले. परीक्षेत हे उत्तर चालणार नाही, हे तिला ठाऊक होते.

मराठीचा मास्तर म्हणून मला अधिक जवळची वाटते ती तापीकाठच्या बऱ्हाणपूरची जामा मशीद. फारुकी सुलतान राजा अलीखान याने ती बांधविली. समोर पंधरा कमानी, आणि वर घुमट नाहीच! आत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख आहे. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११, शिवाय संवत्सराचे नावही. मशिदीसाठी पंचांग उघडून बसलेला तो कोणी शास्त्रीबुवा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हे सारे पुन्हा मनात आले ते आमच्या महाविद्यालयातल्या उर्दूच्या प्राध्यापकांमुळे. गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे. उर्दू शिकवतात, पण घरी कोकणी मराठी बोलतात. त्यांच्या खाडीकाठच्या गावची मशीद जांभ्या चिऱ्याची, कौलारू, पुढे सागवानी खांबांची पडवी. लांबून पाहावे तर एखाद्या खोताचे घर वाटावे. कोकणाला हे रूप नवे नाही. फोंड्याची १५६० सालची साफा मशीद अशीच चिऱ्यांची आणि उतरत्या छपराची, शेजारी तळे. मुंबईची १८०२ सालची जुम्मा मशीद तर तळ्यावरच उभी. तिच्या कमानी पाण्यातून वर येतात.

आता त्यांच्या गावात आखाती देशांतून पैसा आला आहे. जुने पाडून स्लॅब टाकायचा, वर घुमट, दोन मिनार. “सर,” ते मला म्हणाले, “जमातीची बैठक आहे. मला जाता येत नाही. कागदपत्र सगळे मराठीत चालते. तुम्ही एक अर्ज लिहून द्याल?”

मी आनंदाने बसलो, पण लेखणी अडली. माकडे कौले फोडतात, श्रावणात नमाजाच्या रांगांमध्ये बादल्या ठेवाव्या लागतात, हे त्यांनीच सांगितले होते. भिजणाऱ्या माणसाला सौंदर्य कसे समजावावे? शेजारी भाजी निवडणाऱ्या आमच्या सौ. म्हणाल्या, “आणि आपल्या कुलदैवताच्या देवळाला गुलाबी टाइल्स लागल्या, तिथे कोण अर्ज करणार?”

शेवटी अर्जात गाविलगड घातला नाही, बऱ्हाणपूरही नाही. वासे अजून शाबूत आहेत, कौले बदलून गळती थांबेल, आणि त्यांच्या पणजोबांच्या हातचे खांब पुन्हा मिळणार नाहीत, एवढेच लिहिले. त्यांनी सही केली आणि अर्ज पाठवला.

परवा त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. अर्ज बैठकीत मोठ्याने वाचला गेला. दोन म्हातारे रडले, तरुणांनी स्लॅबचा नकाशा मागे घेतला नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर गळतीच्या बाजूला दोनशे मंगलोरी कौले घालायचे ठरले. त्यांचे पैसे आमच्या मित्राने त्याच दिवशी पाठवले.