फोटोला इस्त्री

बाबांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं? शर्ट नको, मोबाइल नको, आणि 'उगाच पैसे कशाला घालवलेस' हे ऐकायचं तर मुळीच नको! मग आयडिया सुचली. १९८०च्या दशकात बाबांनी आमच्या बाथरूमची डार्करूम केली होती. लाल बल्ब, बादलीवर फळी आणि बाहेर आंघोळीसाठी ताटकळलेले आम्ही. तेव्हाचे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट्स बिस्किटांच्या डब्यात गुंडाळी होऊन पडले होते. ते मस्त बोर्डवर माउंट करून भिंतीवर लावायचे. सॉलिड ना?

गोंदाने कागद ओला होऊन सुरकुततो, म्हणून ड्राय माउंट टिश्यू मागवला. हा एक पातळ कागद. त्याच्या दोन्ही बाजूंना उष्णतेने वितळणारा चिकट थर असतो. प्रिंट आणि बोर्डच्या मध्ये ठेवायचा, गरम दाब द्यायचा, बास. ॲन्सेल ॲडम्ससारखा दिग्गज आपले प्रिंट्स असेच माउंट करायचा. प्रोफेशनल लोक त्यासाठी हीट प्रेस वापरतात. माझ्याकडे होती इस्त्री आणि भरपूर कॉन्फिडन्स.

ट्रायल म्हणून डब्यातला सगळ्यात वरचा कलर फोटो घेतला. १९८८, महाबळेश्वर. आई-बाबा, मध्ये मी, हातात मक्याचं कणीस. इस्त्री कॉटनवर. मिनिटभराने कागद उचलला, तर आईच्या साडीवर फोड आले होते. चकाकी वितळून वरच्या कागदाला चिकटलेली. निगेटिव्ह घर बदलताना कधीच हरवलेली. आई जाऊन सहा वर्षं झाली आहेत.

रात्री साडेदहाला बाबांना फोन. सरप्राइजची वाट लागली होतीच.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठीमागे हात लाव. प्लास्टिकसारखं लागतंय?"

"हो."

"अगं, तो आरसी पेपर."

आरसी म्हणजे दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर दिलेला कागद. लॅबमधून येणारे कलर प्रिंट्स यावरच असायचे. त्याला कमी तापमानाचा, साधारण ८० ते ९५ अंशांवर चिकटणारा टिश्यू लागतो. इस्त्रीचा एक ठिपका म्हणजेच ११० अंशांच्या आसपास. थोडक्यात, आरसी आणि इस्त्री यांचं लग्न लावूच नका! बाबांचे स्वतःचे प्रिंट्स मात्र फायबर पेपरवरचे, म्हणजे खरा कागद. ते उष्णता सोसतात.

रविवारी बाबा स्वतःच आले. इस्त्रीतलं पाणी ओतून टाकलं, वाफ बंद. आधी नुसता बोर्ड आणि नुसता प्रिंट दाबून वाळवला. आपल्या हवेत कागद दमट असतो आणि ती वाफ मग बुडबुडा होऊन बसते. इस्त्रीच्या टोकाने टिश्यू प्रिंटच्या पाठीला मधोमध टाचला, दोन्ही एकत्र कापले, बोर्डवर बसवून टिश्यूचे दोन कोपरे टाचले. वर स्वच्छ कागद. मग मधून बाहेरच्या दिशेने इस्त्री. शेवटी, थंड होईपर्यंत वर माझ्या एमबीएची जाडजूड पुस्तकं. (प्रथमच कामी आली.) तीन फोटोंना दोन तास लागले. बाबा शिट्टी वाजवत होते. किती वर्षांनी!

चौथा निघाला आईचा. खिडकीपाशी, ओले केस, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. मी टिश्यू पुढे केला.

"हा नाही चिकटवायचा," बाबा म्हणाले. "एकदा चिकटला की निघत नाही."

मग मी ॲसिड-फ्री कागदाचे चार त्रिकोणी कोपरे करून बोर्डवर लावले आणि तो त्यात सरकवला. बाकीचे तीन फोटो कसे टणक सपाट! हा मात्र एका बाजूने थोडा उचललेलाच राहतो. परवा बाबांनी तो काढून, पाठीमागे पेन्सिलने लिहिलेली तारीख वाचून, परत सरकवून ठेवला.

महाबळेश्वरचा फोटो मी फोडांसकट स्कॅन करून घेतलाय.