पाऊल उचलतं कोण?

पक्षाघातानंतर बाबा दवाखान्यातून घरी आले, तेव्हा ओमतीतल्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एक तेल सांगून जायचा. कुणी महानारायण, कुणी लसणीचं. एका काकांनी तर कबुतराचं रक्त सुचवलं! पायात ताकद आली की चालतील, असं सगळ्यांचं मत.

फिजिओथेरपीच्या ताईंनी समजावलं, "काका, घाव मेंदूत झालाय. पायाचे स्नायू जागेवरच आहेत, त्यांना हुकूम पोचत नाही."

बाबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. जड जिभेने म्हणाले, "म्हणजे मोटर शाबूत, वायरिंग गेलं."

"हो, पण बंद ठेवली तर मोटरही गंजते."

चालणं हे एका स्नायूचं काम नाही, हे मला तेव्हा कळलं. पाय पुढे घेताना नडगीच्या पुढचा स्नायू चवडा वर धरतो. बाबांचा तोच ढिला पडला होता. चवडा लोंबायचा, चप्पल निसटायची. फरशीला अडकू नये म्हणून ते अख्खा उजवा पाय कमरेपासून बाहेर फिरवून टाकायचे. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर, म्हणून भार दिला की गुडघा दगा द्यायचा. पोटरी ताठ झालेली, पण मागून ढकलण्याचा जोर तिच्यात नव्हता. त्यामुळे दहा पावलांतच दम लागायचा. आणि तीन आठवडे पडून राहिल्याने चांगला म्हणवणारा डावा पायही सुकला होता, त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मालिशीने त्यांना बरं वाटायचं, झोप लागायची. ती चालू ठेवली. पण खरा फरक पडला तो जुन्या लाकडी खुर्चीने. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, भार मुद्दाम उजवीकडेही घ्यायचा आणि उठायचं, सावकाश बसायचं. आधी पाच वेळा, मग दहा, महिन्याभराने वीस. आम्ही कुणीतरी शेजारी उभं राहायचो. बसल्या बसल्या टाच टेकवून चवडा वर उचलायचा. पहिले कित्येक दिवस काहीच हलत नसे. बाबा नुसते पायाकडे रोखून बघत. मग एकदा अंगठा हलला. आईने त्या दिवशी शिरा केला.

चपलेऐवजी पट्ट्यांचे बूट आले, आत घोट्याला आधार देणारा प्लास्टिकचा स्प्लिंट. काठी डाव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा.

घरात चालणं जमलं तरी ओमतीच्या रस्त्यावर ऑटो आणि ठेल्यांमधून वाट काढणं निराळं. तिथे थांबता यावं लागतं, वळता यावं लागतं. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, नंतर मंदावतो. पण थांबत नाही. आता वर्ष होत आलं. सकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत ते जातात, मधल्या विजेच्या खांबाशी जरा टेकतात.

संध्याकाळी थकले की चवडा फरशीवर घासतो. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातूनच म्हणते, "अहो, बसा आता."

"दोन फेऱ्या राहिल्यात," बाबा म्हणतात.