आधी कळस

2020 चा ऑगस्ट. कराडच्या दवाखान्याच्या दारात आईनं पदराची गाठ सोडली आणि डोंगराई देवीच्या अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. "माझं मी बघते. तू एवढं जपून ठेव," म्हणाली. स्ट्रेचर आत गेलं. मला उंबऱ्यापुढं जाता आलं नाही.

कडेपूरच्या डोंगराईवर आईचा फार जीव. तिच्यासाठी मी तिथवर गेलो. पण कोरोनामुळं मार्चपासून राज्यातली देवळं बंद होती. आषाढीला माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. पायथ्याशीच हात जोडले आणि परतलो. देवाची एवढी ओढ जन्मात कधी लागली नव्हती, आणि नेमकं तेव्हाच दाराला कुलूप.

त्यातच मोहरम आला. आमच्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला एरवी मुलूख लोटतो. हिंदू-मुसलमान दोघांचाही हा सण. त्या साली गर्दीला बंदी, गल्ल्या सुन्या. ताबूत बांधण्यात हयात गेलेले शेजारचे चाचा रोज आईची चौकशी करायचे. एका संध्याकाळी मी चिडून विचारलं, "चाचा, देव हाय तरी कुठं?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ल्हानपणापासनं बघतोयस. ताबुताचं आधी काय बांधत्यात?"

"कळस."

"आन् पाया?"

"मागनं."

"कळस बांधतो तवा खाली काय असतंय? तरी हात थांबत न्हाईत. भरवसा असाच असतोय, बाळा."

दवाखान्यात नवव्या दिवशी आई गेली. तिला शेवटचा हातही लावता आला नाही. चाचा रस्त्याच्या पलीकडं हात जोडून उभे होते. घरी येऊन मी पुडी कपाटात कोंबली. देवाशी अबोला धरला.

काही दिवसांनी दवाखान्यातल्या एका सिस्टरांचा फोन आला. आईची तुळशीची माळ त्यांनी ठेवून दिली होती. म्हणाल्या, "बोलता येत होतं तोवर मावशी शेजारच्या बाईचा हात धरून तिला धीर देत होत्या. आई हाय पाठीशी, म्हणायच्या." ती आई म्हणजे डोंगराई. माझ्या आईला देऊळ बंद असल्याचं ठाऊक होतं. तिचं त्यावाचून अडलं नव्हतं.

16 नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. मी डोंगर चढलो. देवीपुढं उभा राहिलो तर मागायला काही सुचेना, नुसतं भरून आलं. पुडी सोडून अंगारा कपाळाला लावला.

उरलेला अजून देवघरात आहे. घरात कुणी आजारी पडलं की चिमूटभर लावतो. बरं करायचं की नाही, ते तिचं ती बघेल. आपण एकटे नाही, एवढं सांगायला तो पुरतो.